मेलेल्या माणसाचं कीर्तन

१९७४च्या नोव्हेंबरात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात एक मेलेला गृहस्थ कीर्तनाला उभा राहिला. चाळीतले भाऊराव वारलेत, बायको रमा शोक करतेय, शेजारीपाजारी पुढच्या तयारीत आहेत आणि खुद्द भाऊराव स्वतःच्याच मरणाचं आख्यान लावताहेत! सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ असं सुरू झालं. लेखन त्यांचं, दिग्दर्शनही त्यांचंच. वय अवघं पंचवीस.

नाटक केलं ते थिएटर अकॅडमीने. ही संस्थाच भांडणातून जन्मलेली. १९७२च्या डिसेंबरात पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, या पुण्यातल्या हौशी संस्थेने तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं. तरुण मंडळींना हे पटणं शक्यच नव्हतं. ती बाहेर पडली आणि १९७३मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं, त्याच वर्षी ‘महानिर्वाण’ही आलं.

हौशी म्हणजे पोट दुसऱ्या कामावर भरणारे. आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागात काम करत. संगीतकार आनंद मोडक बँकेत नोकरीला. ‘घाशीराम’चे दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, त्यातले नाना फडणवीस म्हणजे मोहन आगाशे, तेही डॉक्टर. तालमी अर्थातच नोकरी सुटल्यावर. नाटक पडलं तरी कुणाची चूल विझणार नव्हती. धंदेवाईक रंगभूमीवर निर्मात्याचा जीव तिकीट खिडकीत अडकलेला असतो. घरात प्रेत पडलंय आणि प्रेक्षक हसताहेत, असं नाटक त्याने हाती घेतलं असतं का, शंकाच आहे.

पण नुसत्या धाडसावर हे नाटक तरलं नसतं. आळेकरांनी घाट निवडला तो पुणेकरांच्या कानात मुरलेला. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, त्यात अभंग आणि त्याचं निरूपण. मग उत्तररंगात आख्यान. बुवा एकाच दमात गातात, बोलतात, नकला करतात, श्रोत्यांना टोमणेही मारतात. मरणाचं, देहाच्या नश्वरतेचं निरूपण तर त्यांचा हातखंडा. फरक इतकाच, की इथे देह बुवांचा स्वतःचाच आहे आणि अजून जळायचा आहे. चंद्रकांत काळे यांनी भाऊराव उभे केले ते गाता गळा आणि निर्विकार चेहरा यांच्या जोरावर. कीर्तनकार गंभीर राहतो, म्हणून तर ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही.

भाऊरावांचा एकच हट्ट: आपल्याला जुन्याच स्मशानात जाळायचं. ते स्मशान तर बंद झालेलं. मुलगा नाना कात्रीत सापडतो. ही भूमिका आळेकरांनी स्वतः केली. चाळकरी सल्ले देतात, मदत करतात, आणि मदतीच्या आडून चवीने बघतही राहतात. रमेचं मन मात्र सांत्वनाला आलेल्या घोळक्यातल्या एका पुरुषाकडे ओढलं जातं. त्याला नाव नाही. तो नुसता ‘डावीकडून तिसरा’. विधवेच्या मनातली वासना त्या काळी मराठी रंगमंचाला तशी नवी नव्हती, पण तिला ना शिक्षा ना अश्रू, ही गोष्ट नवी होती. नाटकातला सर्वांत बोचरा विनोद हाच, असं म्हणायला हरकत नाही.

चाळ, शेजार, और्ध्वदेहिक, सुतक ही मध्यमवर्गाची सगळी हक्काची मालमत्ता या नाटकात लिलावात निघाली होती. तरीही त्याच मध्यमवर्गाने नाटक उचलून धरलं. प्रयोग वर्षानुवर्षं होत राहिले. गौरी देशपांडे यांनी ते इंग्रजीत नेलं. भाऊरावांच्या चाळीसारख्या चाळी पाडून तिथे इमारती उठल्या, तरी २०२४मध्ये पन्नाशी गाठलेलं हे नाटक नव्या पिढीच्या नटांनाही खुणावत राहिलं.

आळेकर पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. त्याआधी, १९७९मध्ये, ‘बेगम बर्वे’ आलं. तिथे कीर्तनाची जागा संगीत नाटकाने घेतली. उदबत्त्या विकणारा, एकेकाळी दुय्यम स्त्रीभूमिका करणारा नट आणि दोन कारकून यांच्या त्या गोष्टीत बर्वे झाले पुन्हा चंद्रकांत काळेच.