न दिसणाऱ्या जखमेचा दावा

कामगार चळवळीत उभे आयुष्य गेल्यावर एक प्रश्न आम्हांला झोपेतही ओळखू येतो. माणूस कामावर जायबंदी झाला की मालकाचा वकील विचारतो, "हे दुखणे कारखान्यातच झाले कशावरून? घरून आणले नसेल कशावरून?" बोट तुटले असेल तर हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात बॉयलर फुटला. दोघे भाजले, त्यांना भरपाई मिळाली. तिसरा त्यांच्यापासून दहा हातांवर उभा होता. त्याला ओरखडाही आला नाही. मात्र त्या दिवसापासून वाफेचा आवाज झाला की तो मटकन खाली बसे, हातपाय थरथरत, रात्री ओरडून घर जागे करी. त्याचा अर्ज आम्हीच लिहिला. छापील कागदावर "जखमेचे ठिकाण" असा रकाना होता. तेथे काय लिहावे हे त्यालाही सुचेना आणि आम्हांलाही सुचेना. अर्ज फेटाळला गेला.

तेव्हापासून ह्या विषयावर मिळेल ते आम्ही वाचू लागलो. शाळा लवकर सुटल्यामुळे आमचे वाचन असेच, खटल्याच्या निमित्ताने झालेले. वाचता वाचता ध्यानात आले की ह्याच रकान्यापाशी शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनचे हजारो शिपाई अडले होते.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले आणि थोड्याच महिन्यांत फ्रान्समधल्या खंदकांतून विचित्र रोगी मागे येऊ लागले. अंगावर जखम नाही, पण कोणाची वाचा गेलेली, कोणाची दृष्टी गेलेली, कोणाचे पाय चालत नाहीत. चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टरांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात अशा तिघांची हकीकत छापली आणि 'शेलशॉक' हा शब्द सर्वतोमुखी झाला. शब्द त्यांनी घडवलेला नव्हता. आरंभी समजूत अशी होती की जवळ तोफगोळा फुटल्याने मेंदूला हादरा बसतो. पण पुढे दिसू लागले की गोळा जवळ न फुटताही माणसे तशीच कोसळतात. महिनोन्महिने चिखलात, सोबत्यांच्या प्रेतांशेजारी बसून राहणे एवढेच पुरेसे होते.

येथे लष्करापुढे पेच पडला. जखमी म्हणावे तर हा मान शत्रूच्या माऱ्याने पडलेल्याचा. आजारी म्हणावे तर दोष त्याच्याच प्रकृतीचा. मग तोड निघाली ती कारकुनी. रोग्याच्या कागदावर इंग्रजी अक्षर लिहायचे. 'डब्ल्यू' असेल तर तो जखमी, बाहीवर सोनेरी पट्टी लावण्याचा धनी. 'एस' असेल तर तो आजारी, पट्टी नाही. थरथर तीच, स्वप्ने तीच, फरक अक्षराचा. १९१७ साली तर 'शेलशॉक' हा शब्दच कागदावर लिहिण्यास बंदी झाली, आणि रोग्याच्या पलटणीतील अधिकाऱ्याकडे फॉर्म जाऊ लागला की ह्या माणसावर खरोखर काही विलक्षण प्रसंग गुदरला होता काय? मॅनेजरच्या दाखल्यावाचून अपघात हा अपघात ठरू नये, त्यातलाच हा प्रकार. सोंगाड्यांची भीती सरकारला होती, आणि सोंगे करणारे मुळीच नव्हते असे आम्हीही म्हणणार नाही. पण एका सोंगाड्याला पकडण्यासाठी किती खऱ्या रोग्यांना उभे जाळायचे, ह्याचा हिशोब कोणी केला नाही.

हुद्द्यालाही रोगाचे नाव वेगळे होते. अधिकारी ढासळला तर बहुधा 'न्यूरस्थेनिया', म्हणजे अतिश्रमाने मज्जातंतू थकले. साधा शिपाई ढासळला तर बहुधा 'हिस्टेरिया'. अधिकाऱ्यांसाठी एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे इस्पितळ होते. तेथे डॉ. रिव्हर्स रोग्याशी तासन्तास बोलत बसत. हे गृहस्थ आपल्याकडे निलगिरीत येऊन तोडा लोकांत राहून गेलेले. त्यांच्यावरील रिव्हर्सांचा ग्रंथ १९०६ साली निघाला. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळात मात्र वाचा गेलेल्या शिपायाच्या घशाला विजेचे झटके देऊन बोलते करीत. आणि ज्यांच्या वाट्याला हेही आले नाही त्यांची गोष्ट हॅरी फारची. १९१५ साली हा शिपाई शेलशॉकने काही महिने इस्पितळात होता. पुन्हा आघाडीवर धाडला गेला. पुढे जाणे त्याला जमेना. भेकडपणाच्या आरोपाखाली ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. विधवेची पेन्शन गेली. पळपुटेपणा, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी ठार केलेल्या ३०६ जणांना ब्रिटनने क्षमा केली ती २००६ साली. फारचे नाव त्यांत होते.

डिसेंबर १९१६ मध्ये पेन्शनचे स्वतंत्र मंत्रिखाते निघाले. त्याचे पहिले मंत्री जॉर्ज बार्न्स, यंत्रकामगारांच्या संघटनेचे एके काळचे सरचिटणीस; दुसरे जॉन हॉज, पोलाद कामगारांचे पुढारी. आमच्याच पंथातली दोन माणसे त्या खुर्चीत बसली हे वाचून ऊर भरून आला, आणि पुढचे वाचून खाली बसला. कारण पेन्शनचा तक्ता अवयवांचा होता. दोन अवयव गेले तर शेकडा १००, पाय मांडीच्या सांध्यातून गेला तर शेकडा ८०; उजव्या हाताचा भाव डाव्यापेक्षा चढा. हा तक्ता कामगाराच्या मोलमजुरीचा आहे, माणसाचा नाही. भ्रमिष्टाला त्यात पूर्ण पेन्शन होती. पण जो वेडा नाही आणि शहाणाही राहिला नाही, त्याला कोठे बसवायचे? त्याला वरचेवर वैद्यकीय मंडळापुढे उभे करीत. जरा सावरून तो कामाला लागला की टक्के उतरले. तुटलेला पाय पुन्हा उगवला का, हे कोणी विचारीत नाही. मनाच्या रोग्याला मात्र दर वेळी आपले दुखणे नव्याने सिद्ध करावे लागे. तरीही १९२१ साली सुमारे ६५,००० माजी शिपाई न्यूरस्थेनियाची पेन्शन घेत होते.

तो आकडा तिजोरीला बोचत राहिला. १९२२ साली लॉर्ड साउथबरो ह्यांच्या समितीने शेलशॉक हा शब्दच टाकून द्यावा असे सुचवले. १९३९ च्या जुलैमध्ये, दुसरे युद्ध दारात असताना, लॉर्ड हॉर्डर ह्यांच्या अध्यक्षतेखाली डॉक्टरांची बैठक झाली आणि युद्ध चालू असेतो मनाच्या अशा विकारांना पेन्शन देऊच नये असा सल्ला निघाला. तो निभला नाही. लोकमत आणि पार्लमेंट ह्यांच्या रेट्याखाली १९४३ साली शाबितीचे ओझे शिपायाच्या खांद्यावरून काढून सरकारच्या खांद्यावर ठेवण्यात आले, आणि अपिलासाठी न्यायमंडळे बसली. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातला मोठा दिवस हाच. १९८० साली, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या खटाटोपानंतर, अमेरिकन मनोवैद्यकांनी आघातोत्तर विकाराला आपल्या रोगकोशात जागा दिली. महत्त्वाची गोष्ट एवढीच की रोगाच्या व्याख्येतच बाहेरचा प्रसंग आला; आधीची नावे दोष माणसाच्या मज्जेत शोधीत.

आता आपल्या दाराशी येऊ. लष्करी सेवेने उद्भवलेला किंवा सेवेने बळावलेला विकार, ही ब्रिटिश नियमांतली शब्दजोडी आपल्या पेन्शनच्या नियमांत जशीच्या तशी उतरली. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमांत त्याला निदान शेकडा २० अपंगत्वाची अट होती. १९८२ च्या नियमांनी दावेदाराकडे पुरावा मागू नये आणि रास्त शंकेचा फायदा त्यालाच द्यावा असे सांगितले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ खुलासेवार मांडला. भरतीच्या वेळी कागदावर रोगाची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला होता असेच धरावे, आणि उलट शाबीत करण्याचा भार सरकारवर. पण २०१९ साली स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की असा रोग भरतीच्या तपासणीत सहसा दिसत नाही, म्हणून हे गृहीतक तेथे डोळे मिटून लावता येणार नाही, शिपाई हरला. २०२३ साली नियम पुन्हा बदलले.

सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांतली मुले फौजेत जातात. मध्यंतरी अशाच एका घरची बाई, कामगारांचे अर्ज आम्ही लिहितो हे ऐकून, नवऱ्याचे कागद घेऊन आमच्या कचेरीत आली. चौदा वर्षे नोकरी, त्यातली पुष्कळशी उंच डोंगरातल्या चौक्यांवर. मंडळाच्या कागदावर शेरा होता, विकार प्रकृतिगत, सेवेशी संबंध नाही. "अहो दादा," ती म्हणाली, "भरती झाले तेव्हा ह्यांना छाती फुगवून, पळवून, सगळं बघून घेतलं होतं. तेव्हा नव्हतं, तर आता आलं कुठनं?" आम्ही तिचे ते वाक्य अपिलाच्या अर्जात पहिल्या परिच्छेदात घातले. अपील अजून चालू आहे.