ऐन, राब आणि वनस्पतिग्रंथ : शहापूर-मुरबाडच्या निसर्गलेखनाचा एक धागा

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीलगतचे तालुके. एकीकडे माहुली व तानसाचे रान, तर दुसरीकडे माळशेज व नाणेघाटाचा पायथा. या प्रदेशातील वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथांचा इतिहास सहसा लेखक व प्रकाशनवर्षे यांच्या क्रमाने सांगितला जातो. ते ग्रंथ कोणत्या गरजेतून निर्माण झाले आणि रानातील कोणते ज्ञान त्यांनी बाहेर ठेवले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. येथे ऐन या एकाच झाडाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

डाल्झेल व गिब्सन यांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली प्रसिद्ध झाला. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. त्यांची नेमणूक १८४७ची. आगगाडी कसाऱ्यापर्यंत पोचली तीही १८६१मध्येच. हा योगायोग खरा, पण अगदीच निरर्थक नव्हे. रेल्वेला व वाढत्या मुंबईला लाकूड हवे होते आणि वनस्पतींची शास्त्रीय यादी करणारे अधिकारी वनखात्यातलेच होते.

कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली १८८२ साली निघालेल्या ठाणे गॅझेटिअरमध्ये झाडांची माहिती उत्पन्नाच्या प्रकरणात येते, तर राबाची माहिती शेतीच्या प्रकरणात. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ही दोन प्रकरणे नव्हती. भाताचे वा नाचणीचे रोप तयार करण्यासाठी पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देत. त्यावर माती पसरून ते भाजत. तणाचे बी जळून जाई व राखेने जमीन सकस होई. या कामी ऐनाच्या डहाळ्यांना विशेष मान होता. वनखात्याच्या दृष्टीने ऐन म्हणजे इमारती लाकूड, आणि छाटलेला ऐन म्हणजे बिघडलेले लाकूड.

१८७८च्या वन कायद्यानंतर या दोन दृष्टींचा संघर्ष उघड झाला. राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, राबासाठी छाटणीवर बंधने आली, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींमुळे १८८५ साली सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७चा. पुढे व्होएल्कर यांनीही भारतीय शेतीवरील १८९३च्या अहवालात राबाची दखल घेतली. राबासंबंधी गंभीर चर्चा वाचायची असेल तर ती अशा सरकारी अहवालांतच सापडते, वनस्पतिग्रंथांत नव्हे.

थिओडोर कुक यांचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. त्याची शास्त्रीय योग्यता वादातीत आहे. आजही अभ्यासक प्रथम तोच उघडतात. कुक यांनी देशी नावेही दिली आहेत. ऐनाचे कुक यांच्या ग्रंथातील शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया टोमेंटोझा. पुढे ते टर्मिनॅलिया इलिप्टिका झाले. ‘ऐन’ हे नाव तेवढे बदलले नाही. ते नाव ज्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वा कुणबी माणसाच्या तोंडून संग्राहकाच्या वहीत आले असेल, त्याची नोंद मात्र अशा ग्रंथांत सहसा नसते.

त्या माणसाची नोंद झाली ती निराळ्या कपाटात. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४चा, तर ल. ना. चापेकर यांचा ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ १९६०चा. ग्रंथालयात आजही झाड वनस्पतिशास्त्राकडे आणि झाड ओळखणारा मानवशास्त्राकडे असतो.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या महाराष्ट्राच्या फ्लोराचे खंड १९९६, २००० व २००१ साली आले. त्यांनी कुक यांच्यानंतरची शतकभराची भर घातली, परंतु मांडणी जुनीच राहिली. खरा फरक जैवविविधता कायदा २००२ व त्याखालील २००४चे नियम यांनी घडवू पाहिला. त्यांनुसार स्थानिक समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असून तीत जैविक संसाधनांबरोबरच त्यांचे उपयोग व त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानही नोंदवायचे आहे. म्हणजे दीडशे वर्षांनंतर दोन्ही कपाटे एका वहीत येण्याची सोय झाली. मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, आणि मुदतीच्या धाकाने भरलेल्या वहीत ठराविक नमुन्यातील झाडांची यादी लवकर होते. राबासाठी ऐनाची कोणती फांदी केव्हा छाटायची व कोणती राखायची, हे विचारायला एक उन्हाळा त्या गावात काढावा लागतो.