दिवा चोरीला का जातो?

परवा ऑफिसच्या पार्किंगमधून माझ्या सायकलचा पुढचा दिवा गेला. सायकल कुलपात होती, दिवा मात्र रबरी पट्ट्यावर. त्या रात्री अंधारात खड्डे चुकवत घरी आलो आणि जुने दिवे शोधायला बसलो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेलच्या दिव्यांमागून कार्बाइडचे दिवे आले. कार्बाइडवर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, तोच जळायचा. मागे उरलेला चुना साफ करायला दिवा सुटा हवाच. मालकाला जो सहज निघतो, तो चोरालाही निघतो.

डायनामोने हे गणित बदललं. टायरवर घासत फिरला की वीज मिळायची, त्यामुळे दिवा नटबोल्टने पक्का बसवता आला. १९३६ साली इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने डायनामो थेट चाकाच्या हबमध्येच बसवला. तो चोरायचा तर अख्खं चाक न्यावं लागणार!

मग एलईडी आणि यूएसबी आले. उजेड वाढला, पण चार्जिंगसाठी दिवा पुन्हा सुटा झाला. चोरीपुरते आपण कार्बाइडच्या काळात परतलो.

म्हणून मी हब डायनामो घेतला. दिव्याला साध्या नटाऐवजी खास चावीनेच उघडणारा बोल्ट लावलाय. दिवा घेताना ल्युमेन नंतर बघा. आधी बघा, तो रोज काढावा लागतो का?