परवानगीच्या सभेपासून पुस्तकाच्या दिवसापर्यंत



आज गावात लेखकाचे व्याख्यान ठेवायचे तर सतरंजी, माईक आणि चहा एवढीच जुळवाजुळव लागते. निझामाच्या काळी मात्र आधी परवानगी लागे. 1929 च्या गश्ती निशाण 53 ने विनापरवाना सभांना मनाई केली होती. सरकारी शाळांत शिक्षणाचे माध्यम उर्दू. म्हणून मराठवाड्यातली मराठी वाचनालये नुसती पुस्तकांची कपाटे राहिली नाहीत. तिथे लोक आपल्या भाषेत वाचत आणि बोलत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा कुठे बोलणे मोकळे झाले. पुढे 1967 च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला.

सातोन्यात जन्मलेले, परभणीत नोकरी सांभाळून लिहिणारे बी. रघुनाथ 7 सप्टेंबर 1953 ला गेले. त्यांच्या स्मरणार्थ परभणीचे गणेश वाचनालय ‘एक पुस्तक, एक दिवस’ हा उपक्रम घेते. चुडाव्याहून पूर्णामार्गे परभणी रेल्वेने जवळच आहे. पण मोकळेपणाने मिळालेले हे बोलणे आपल्या गावातही व्हावे. येत्या 7 सप्टेंबरला प्रत्येकाने एक आवडते पुस्तक घेऊन शाळेत यावे आणि त्यावर विद्यार्थ्यांशी चार शब्द बोलावेत. त्याला आता कुणाची परवानगी लागत नाही, फक्त वेळ काढावा लागतो.