पोथी, श्रद्धा आणि डॉ. कोलते

१ मे १९९९ पर्यंत आपला गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकार तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींचे अनुयायी झाले. त्यांची हकीगत ‘लीळाचरित्रा’त आहे, परंतु पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ती कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेविले होते. त्या लिपीचा उलगडा इतिहासाचार्य राजवाड्यांनी केला. पुढे ज्यांनी या वाङ्मयासाठी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

कोलत्यांचा जन्म १९०८ साली बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु झाले आणि १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. परंतु त्यांची खरी बैठक होती ती हस्तलिखितांपुढे.

काम सोपे नव्हते. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी ठिकठिकाणी हिंडून, ऐकणाऱ्यांना विचारून गोळा केल्या. पण परंपरा सांगते की ती मूळ पोथी धामधुमीच्या काळात हरपली आणि शिष्यांनी स्मरणाने ती पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे एका लीळेचे पाठ अनेक. कोणता पाठ जुना, कोणता मागून शिरलेला, हे ताडून पाहणे हेच संपादकाचे काम. कोलत्यांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

आणि येथेच वाद पेटला. पंथातील अनेकांना काही लीळा छापणे हा स्वामींचा अवमान वाटला. त्यांच्या वेदनेची थट्टा करणे योग्य नव्हे. कारण शतकानुशतके त्यांनी त्या पोथ्या जपल्या नसत्या, तर संशोधकाच्या हाती काय लागले असते? पण संशोधकाचाही एक धर्म असतो. जे पानावर आहे ते गैरसोयीचे आहे म्हणून तो वगळू लागला, तर त्याच्या उरलेल्या पानांवर तरी कोणी का विश्वास ठेवावा?

पोथी जपणारा आणि पोथी वाचणारा, दोघांचेही ऋण आपण मानावयास हवे. कोलते १९९८ साली निवर्तले. आज त्या पानांतला भंडाऱ्याचा निळभट्ट आपल्याला शेजारचा वाटतो, तो या दोघांमुळेच.