नांदेड-लातूर : विमानाने अर्धा तास, रेल्वेने परभणीचा वळसा

मंडळी, नकाशावर पट्टी ठेवून बघा. नांदेड ते लातूर सरळ हवाई अंतर जेमतेम 120 किलोमीटर. छोटं विमान अर्ध्या तासात पोचेल. दोन्हीकडे विमानतळ आहेत. पण विमानच नाही!

इतिहास असा. 2008 च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीसाठी नांदेडचं विमानतळ नव्याने उभं राहिलं. 2009 मध्ये नांदेड, लातूरसह पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीकडे 95 वर्षांच्या करारावर गेले. एप्रिल 2017 मध्ये 'उडान'मधून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. लातूरकर धावपट्टीकडे बघत राहिले.

बरं, विमान सोडा. रेल्वेने जायचं तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा 200 किलोमीटरच्या वर वळसा. लोह्यावरून थेट मार्गाची मागणी जुनीच आहे. तोवर अहमदपूरमार्गे एसटी, तीन तास.

शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव : या दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री दिले. 2009 मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर दोन्ही शहरं भांडली. थेट रेल्वेसाठी मात्र एकत्र रस्त्यावर उतरायला आपल्याला कोणी अडवलंय?