कोरोल्योव जगले असते तर?

२०१९ साली सुरू झालेल्या 'फॉर ऑल मॅनकाइंड' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत चंद्रावर पहिले पाऊल पडते ते सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव यांचे. मालिकेचे एक जनक रोनाल्ड मूर यांची यामागची कल्पना अशी, की सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव १९६६ साली वारलेच नाहीत. प्रत्यक्षात १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचा मृत्यू झाला. मग एक माणूस वाचला असता तर शर्यतीचा निकाल फिरला असता का?

उत्तरासाठी 'एन-१' या अग्निबाणाची हकिगत पाहायला हवी. केनेडी यांनी चंद्राचे उद्दिष्ट मे १९६१ मध्ये जाहीर केले. सोव्हिएत सरकारने चंद्रावर माणूस उतरवण्याचा निर्णय घेतला ऑगस्ट १९६४ मध्ये. तीन वर्षे तिथेच गेली. त्यात इंधनावरून कोरोल्योव आणि इंजिनतज्ज्ञ व्हॅलेंतिन ग्लुश्को यांचे बिनसले. कोरोल्योव यांना केरोसीन व द्रव ऑक्सिजन हवे होते. ग्लुश्को यांचा आग्रह विषारी, पण साठवायला सोप्या रसायनांचा. अखेर काम विमानांची इंजिने बनवणाऱ्या निकोलाय कुझ्नेत्सोव यांच्याकडे गेले. त्यांची इंजिने लहान, म्हणून पहिल्या टप्प्यात ती ३० बसवावी लागली. अमेरिकेच्या सॅटर्न-५ मध्ये पाचच होती.

खरी मेख चाचणीत होती. सॅटर्नचा पहिला टप्पा जमिनीला जखडून, पाचही इंजिने एकदम पेटवून तपासत. वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी एन-१ च्या पहिल्या टप्प्याकरिता असा चाचणीमंच उभारलाच नाही. तीसही इंजिने प्रथम एकत्र पेटली ती थेट उड्डाणातच. १९६९ ते १९७२ मधली चारही उड्डाणे फसली. ३ जुलै १९६९ रोजी तर अग्निबाण उड्डाणतळावरच कोसळला. अपोलो-११ निघायला तेव्हा तेरा दिवस उरले होते. १९७४ मध्ये काम थांबले. बाहेरच्या जगाला याची उघड कबुली मिळाली ती १९८९ च्या सुमारास.

आता तारखा ताडून पाहा. उशिरा केलेली सुरुवात, ग्लुश्कोंशी वाद, चाचणीमंच न उभारणे, या तिन्ही गोष्टी कोरोल्योव हयात असतानाच्या. ते जगते तर कार्यक्रमाला वजन मिळाले असते. पण हातून गेलेली वर्षे परत आली नसती.

इतिहासाच्या तासाला मुले 'जर-तर'चा खेळ आवडीने खेळतात. जरूर खेळू द्यावा. फक्त एक अट घालावी : एक गोष्ट बदलली, तर तिच्यासोबत आणखी काय काय बदलावे लागेल, याची यादी मुलांनीच करावी. ती यादी म्हणजेच इतिहासाची कारणे.